तपासून घेतलेले टायर

जयसिंगच्या गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते. थेरगावातल्या त्याच्या सोसायटीत हे सगळ्यांना दिसत होतं, त्यालाच दिसत नव्हतं. कारण त्याची नजर कायम माणसांवर. चाकणच्या कंपनीत तो तपासणी खात्यात. आलेला प्रत्येक पार्ट संशयानं उलटापालटा करायचा, हे त्याचं काम. आणि शिफ्ट सुटली तरी सवय काही सुटत नसे. दूधवाला, केबलवाला, डॉक्टर (विशेषतः हसून बोलणारा डॉक्टर) हे सगळे त्याच्या लेखी अजून पास व्हायचे होते.

एवढा संशयी माणूस, पण फसायचा मात्र न चुकता. मागच्या उन्हाळ्यात त्यानं पेटीतले वरचे आंबे एकेक हुंगून घेतले, आणि खालचे लोणच्याच्याही लायकीचे निघाले नाहीत. पेटी गेली होती नेमकी कुरुळीला, सासऱ्यांकडे. तेव्हापासून सासरवाडीत आंब्याचा विषय निघाला की सोपानराव नुसते जावयाकडे बघत.

आता ते सोपानराव एक जुना टेम्पो घेणार होते, कंपनीला भाड्यानं लावायला. तो तपासायला सोबत कोणाला न्यायचं, थोरला जावई जयसिंग की बँकेतला धाकटा प्रज्वल, एवढंच ठरायचं होतं. बँकेतला माणूस टेम्पो तपासणार! या विचारानं जयसिंगला अन्न गोड लागेना. रविवारी कुरुळीला जेवायचं बोलावणं होतं. गाडीला असे टायर घालून जायचं की सासऱ्यांनी म्हणावं, माल पारखावा तर थोरल्या जावयानं.

शनिवारी तो डांगे चौकाजवळ गणराजच्या टायरच्या दुकानात गेला.

"गाडी रोज कुठं जाते, साहेब?" गणराजनं विचारलं.

"चाकण."

"मग साधे टायर घ्या. टिकतील, खड्डे सोसतील. हे परफॉर्मन्सवाले पळवणाऱ्यांसाठी. रुंद असतात, रबर मऊ, वळणावर रस्ता घट्ट धरतात. पण तुमच्या रस्त्याला पळायला मिळतंय कुठं?"

जयसिंगचे कान टवकारले. महागाचं गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकानदार स्वस्तातला माल सुचवतो? नक्कीच साधे टायर पडून राहिलेत आणि हा ते आपल्या गळ्यात मारतोय.

"परफॉर्मन्सच द्या."

"लवकर झिजतील, साहेब."

(म्हणजे याला द्यायचे नाहीत. म्हणजे माल एक नंबर आहे.)

"चारही तेच!"

अशा रीतीनं, ज्या गाडीनं चाकणच्या वाटेवर तिसरा गिअर सणासुदीलाच पाहिला होता, तिला शर्यतीचे टायर ठरले.

फिटिंगवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. म्हणजे टायर रात्रभर दुकानात! बदलले तर? गणराज फोन घ्यायला बाहेर गेल्याबरोबर जयसिंगनं खिशात हात घातला. खिशात कंपनीचे दोन मार्कर. हिरवा पास मालाला, लाल रिजेक्ट मालाला. हिरवा केव्हाच वाळून गेला होता. (त्याच्या हातून पास व्हायचं तरी कोण?) त्यानं लाल काढला आणि चारही टायरवर फुल्या मारल्या. आपली खूण आपल्याला कळली म्हणजे झालं.

रविवारी तो बायकोला, रुपालीला घेऊन दुकानात पोहोचला, तेव्हा टायर चढलेही होते. चारही फुल्या जागच्या जागी! आयुष्यात पहिल्यांदा आपण फसलो नाही, या आनंदात तो गाडीभोवती फिरला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की फुल्या बाहेरच्या बाजूला आल्यात.

"ही बाजू आत घेता येईल का हो?" त्यानं फिटिंगवाल्याला हळूच विचारलं.

"नाय जमत. ह्या टायरवर बाहेरची बाजू कोणती ते छापूनच येतं. साध्याला चाललं असतं."

थुंकी लावून पुसलं, रुमालानं घासलं. रुमाल लाल झाला, फुली जशीच्या तशी.

कुरुळीत त्यानं गाडी गोठ्याच्या भिंतीला चिकटवून लावली. एक बाजू झाकली. दुसऱ्या बाजूच्या मागच्या चाकापुढं पिशवी ठेवली आणि पुढच्या चाकापुढं स्वतः उभा राहिला.

"जावयबापू, आत चला की. चाकाला राखण लावलीया का?"

"नाही मामा, जरा वारा घेतोय."

सोपानरावांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, वाकून बघितलं, पिशवी सरकवली, भिंतीकडच्या फटीतही डोकावले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या शेतात आता कारखान्याचं शेड होतं. कुरुळीतल्या शेंबड्या पोरालाही लाल फुली म्हणजे काय ते कळतं.

"ह्यो तर रिजेक्ट माल! चारीच्या चारी! जावयबापू, तुमास्नी परत फशिवलं!"

जयसिंगपुढं दोनच वाटा होत्या. फसलो म्हणावं, नाहीतर फुल्या मीच मारल्या म्हणावं.

"दुकानदारच तसला आहे, मामा," तो पुटपुटला.

"मग बसा गाडीत! त्याला दावतो!"

मटण चुलीवर तसंच राहिलं. सोपानरावांनी दुकानात शिरल्या शिरल्या असा आवाज लावला की शेजारचा रसवंतीवाला घुंगरं थांबवून बघायला आला. गणराज गोंधळला. आतले टायर उलथेपालथे करून आला. एकावरही फुली नव्हती.

"काका, चूक माझीच असंल. चारही उतरवतो. ह्यांच्या घरची माणसं बसतात गाडीत."

"जाऊ दे ना राव, राहू दे," जयसिंग घामाघूम होत म्हणाला.

"राहू दे कसं, साहेब?"

शेवटचं चाक उतरलं आणि रुपाली वाकली. फुलीच्या खाली छोटासा 'ज' होता, म्हशीच्या शेपटीसारखा फराटा सोडलेला. फुली मारली की खाली सही करायची, ही कंपनीची रीत. हातानं ती आपोआप पाळली होती.

"आबा," रुपाली म्हणाली, "ह्ये अक्षर आमच्या घरातलंय."

गणराजनं टायरकडं बघितलं, जयसिंगच्या खिशाकडं बघितलं, आणि भला माणूस, उगाच पान्हा पुसत बसला.

"ह्यो गडी तुमास्नी कंचे टायर घ्या म्हणला हुता?" सोपानरावांनी विचारलं.

"साधे."

"मग?"

"मला संशय आला, मामा."

"कशाचा? खरं बोलतोय ह्याचा?"

सोपानराव गणराजकडं वळले. "गुरुवारी मोकळा हायस का? एक टेम्पो बघायचाय. तुझ्यासारखा माणूस सोबत पायजे."

"येतो की, काका."

"मामा, आणि मी?" जयसिंगनं विचारलं.

सोपानरावांना दया आली. "तुमी बी या. पूजेचा नारळ तुमी आणा."

जयसिंगचा चेहरा जरा उजळला. सोपानराव गाडीपर्यंत गेले, थांबले, विचार केला आणि मागं वळले.

"न्हाई, ऱ्हाऊ द्या. नारळ रुपाली बघंल."