प्रमाण माणूस

तापाचा तक्ता फ्रिजवर चिकटवून बायकोने तो नवऱ्याकडून, म्हणजे तपासनिसांकडून, तीनदा मोठ्याने वाचून घेतला. दर तासाला ताप मोजायचा. एक वाजता तो शंभरच्या वर असेल तर औषध, नसेल तर नाही. एकशे दोन झाला तरच फोन. एरवी फोन नाही, कारण तीन वाजता तिची मुलाखत होती. अकरा वर्षं एकाच टेबलावर काढल्यावर वरच्या जागेसाठी पहिल्यांदा बोलावणं आलं होतं, आणि चार वर्षांच्या ठमीने ताप काढायला नेमका आजचाच दिवस निवडला होता.

"तू निर्धास्त जा," तपासनीस म्हणाले. "मोजमापाचं तर काम आहे. ते माझ्याइतकं कोणाला जमणार?"

बायको दारातच थबकली. तिला धास्ती होती ती नेमकी याचीच.

तपासनीस वजनमापे खात्यात होते. बाजारातले काटे तपासण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती आणि एवढ्या काळात त्यांनी एकाही काट्यावर विश्वास ठेवला नव्हता. विश्वास होता तो पेटीतल्या पितळी प्रमाण वजनावर. त्याच्याशी जुळला तो काटा खरा, बाकी सगळे लबाड.

दहा वाजता ठमीचा ताप एकशे एक आला. तपासनिसांनी खात्रीसाठी पुन्हा मोजला, तर शंभर पॉइंट सहा. एक मुलगी, एक काख, आकडे दोन. दुकानदार असता तर त्याच्या हातात तिथल्या तिथे नोटीस ठेवली असती. ते शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे गेले आणि त्यांचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर मागून आणला. थर्मामीटरच्या मागोमाग बाईही आल्या. पारा एकशे एकच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

आता दोन यंत्रं आणि तीन आकडे. म्हणजे प्रमाण हवं. प्रमाण म्हणजे ठणठणीत माणूस, ज्याचं अंग साडेअठ्ठ्याण्णव असायलाच हवं. बाईंनी रक्तदाबाच्या गोळ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं. राहिले तपासनीस. नोकरीत आजारपणाची एकही रजा घेतलेली नाही. त्यांनी दोन काखांत दोन थर्मामीटर धरले आणि छाती काढून बसले. दोन्हींनी एकशे एक दाखवलं.

"तुम्हालाच ताप नसेल ना?" बाईंनी विचारलं.

"बाई, काटा चुकतो. प्रमाण चुकत नाही," असं म्हणून त्यांनी पंखा बंद केला. घरात सकाळपासूनच उगाच गारवा होता.

निष्कर्ष सरळ होता. दोन्ही यंत्रं अडीच अंश जास्त दाखवत होती. तपासनिसांनी तक्त्यावर 'दुरुस्त ताप' असा नवा रकाना आखला आणि प्रत्येक आकड्यातून अडीच वजा केले. ठमीला ताप नव्हताच, हे पाहून त्यांना फार बरं वाटलं.

हे समाधान बारापर्यंत टिकलं. सकाळच्या औषधाने ठमीला घाम सुटला आणि यंत्राने अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ दाखवलं. दुरुस्त ताप शहाण्णव पॉइंट तीन. एक वाजता तोही शहाण्णवच्या खाली गेला. पोर गार पडत चालली होती आणि ताप खाली गेला तर काय करायचं, याबद्दल तक्त्यावर अक्षरही नव्हतं.

बाईंनी ठमीच्या कपाळाला हात लावून पाहिला. हातच्या काकणाला आरसा कशाला, पोर चांगली बरी झालीय, असं त्या म्हणाल्या. हात हे मान्यताप्राप्त माप नाही, असं तपासनिसांनी त्यांना सांगितलं. त्यांनी ठमीवर तीन पांघरुणं घातली. ती दर पाच मिनिटांनी त्यांतून बाहेर पडत होती. चौथं त्यांनी स्वतः गुंडाळून घेतलं, कारण त्यांचे दात वाजत होते. ते काळजीने वाजत असणार.

आणि काळजी खरी होती. फोन केला तर बायकोची अकरा वर्षं पाण्यात जाणार; नाही केला आणि पोरीला काही झालं, तर? पाच वेळा फोन उचलून ठेवल्यावर, तीनला दहा मिनिटं असताना त्यांनी तो केला.

"ठमीचा ताप फार उतरलाय. शहाण्णवच्याही खाली."

मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेली बायको फोन घेऊन कोपऱ्यात गेली. मग तिने विचारलं, "काय करतेय ती?"

"गादीवर उड्या मारतेय."

"थंडी वाजतेय का तिला?"

"तिला नाही. मला वाजतेय."

"फोन तिच्याकडे दे."

ठमीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितल्याप्रमाणे बाबांच्या कपाळावर तळवा टेकवला. "आई, बाबांची इस्त्री झालीय," ती म्हणाली. मग तिने बाबांना आडवं केलं, त्यांच्यावर तिन्ही पांघरुणं ओढली आणि ते उठू नयेत म्हणून पोटावर बसून राहिली. तपासनिसांनी विरोध केला नाही. पोर गार पडलेली नाही, एवढं कळल्यावर त्यांच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं.

संध्याकाळी बायको आली ती वरची जागा घेऊनच. ऐन वेळी आलेली अडचण दुरून कशी सोडवाल, असं साहेबांनी विचारलं होतं. दहा मिनिटांपूर्वीची सांगितली तर चालेल का, असं तिने विचारलं आणि पुढे कोणी दुसरा प्रश्नच काढला नाही.

हे सगळं सांगत तिने नवऱ्याच्या काखेत थर्मामीटर ठेवला, मग काढून उजेडात धरला.

"एकशे दोन," ती म्हणाली.

पांघरुणातून क्षीण आवाज आला, "त्यातून अडीच वजा कर."