मॅजेस्टोन्सचे राखाडी कोट

रसिकांना कधीही पाठ दाखवायची नाही, हे ‘द मॅजेस्टोन्स’ या गायकचौकडीचं तत्त्व होतं. डेट्रॉईटमधली जुनी माणसं आजही त्याबद्दल गंभीर चेहऱ्याने बोलतात. या तत्त्वाचा उगम मात्र कोटांना पाठच नसण्यात झाला.

थर्मन पेटवे, खर्जातला क्लिओटिस आणि डूली बंधू हे चौघे मुळात चर्चच्या गायकवृंदातले. शेवटच्या रांगेत उभे राहून ते भजनातल्या ‘प्रभू’च्या जागी ‘प्रिये’ घालून बघत. हे कळताच वृंद चालवणाऱ्या बाईंनी त्यांना हाकललं आणि मॅजेस्टोन्सची स्थापना झाली.

पॅलेडियम थिएटरच्या शनिवारच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला रेकॉर्ड काढायला मिळणार होती. हरले तर थर्मनला सोमवारपासून मोटारीच्या कारखान्यात, भट्टीवर उभं राहायचं होतं. रूफसमामाने शब्द टाकून ठेवला होता.

शनिवारी दुपारी कळलं, की त्यांचे हिरवे सूट ज्या लाँड्रीत होते, तिचा मालक कुलूप ठोकून पुतणीच्या लग्नाला टोलेडोला गेलाय.

“घाबरू नका रे,” क्लिओटिस म्हणाला. तो मिस्टर गेन्सच्या अंत्यविधीच्या दुकानात कामाला होता. “आमच्याकडे एकसारखे राखाडी सूट आहेत. कोरे करकरीत. सोमवारी परत ठेवीन.”

सूट आले. समोरून बघितलं तर सिनेटरने घालावेत असे. डूलींपैकी थोरला वळला, तेव्हा थर्मनला त्याची पाठ दिसली. बनियन, चड्डी आणि चड्डीवरची लाल बदकंही दिसली.

“क्लिओटिस, याला मागचा भाग कुठाय?”

“मागचा कशाला लागतोय? आमची गिऱ्हाइकं पाठीवरच निजतात.”

“अरे गाढवा, आपल्या गाण्यात सात गिरक्या आहेत!”

“मग आज नाही घ्यायच्या.”

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. चौघे भिंतीला चिकटलेल्या खेकड्यांसारखे रंगमंचावर सरकले. पहिल्या रांगेत थर्मनची आई, शेजारी रूफसमामा घड्याळ बघत. आणि वादकमंडळी, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, गायकांच्या मागे बसली होती.

थर्मनने पहिली ओळ उचलली. मागे सॅक्सोफोनवाल्याला बदकं दिसली. त्याने हसू दाबलं, ते वाद्यात शिरलं आणि पलीकडून हुंदका होऊन बाहेर पडलं. थिएटर चिडीचूप झालं. दुसरा हुंदका आला, तेव्हा बाल्कनीत बायकांनी रुमाल काढले.

सवयीने क्लिओटिस गिरकीला निघाला. थर्मनने अर्ध्यावर त्याचं मनगट पकडलं आणि जिवाच्या आकांताने ओढून छातीशी धरलं. “जाऊ नकोस!” तो ओरडला. हे गाण्यात नव्हतं. पोरी किंचाळल्या. थर्मनने पुन्हा म्हटलं, “जाऊ नकोस!” या खेपेला अख्खं थिएटर त्याच्याबरोबर म्हणालं.

शेवटी चौघे वाकून नमस्कार करत, एकेक पाऊल मागे घेत पडद्याआड गेले. लोक खुर्च्यांवर उभे होते. परीक्षकांनी आपसात बोलायचीही तसदी घेतली नाही.

थर्मनची आई डोळे पुसत पडद्यामागे आली. थर्मन भिंतीला टेकून उभा राहिला.

“बाकीची कार्टी आम्हाला ढुंगणं दाखवून नाचली,” आई म्हणाली. “तुम्ही शेवटपर्यंत पाठ नाही केलीत रे. याला म्हणतात संस्कार!”

“मीच शिकवलंय,” रूफसमामा म्हणाला आणि भट्टीचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही.

वसंतात ‘जाऊ नकोस’ची रेकॉर्ड आली. उन्हाळ्यापर्यंत ट्वेल्फ्थ स्ट्रीटवरची झाडून सगळी पोरं उलटं चालायला शिकली, दोघं-तिघं रस्त्याकडेच्या आगीच्या बंबाच्या नळांवर आपटलीसुद्धा. मॅजेस्टोन्सनी पाठ असलेले नवे सूट शिवले, पण गिरकी घेतली की लोक हुर्यो उडवायचे. तेव्हा तीही सुटली.

त्या शनिवारचा फोटो आईच्या बैठकीत टांगलेला आहे. त्यात थर्मनने घातलेला कोट मंगळवारी चर्चचे सेवक डीकन हॅस्किन्स यांच्या अंगावर चढला आणि त्यांच्यासोबत पुरण्यात आला.