मावशींचा पत्र्याचा डबा

"फक्त दहा मिनिटं," असं म्हणून जावईबापू संगणकासमोर बसले, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सव्वाअकरा झाले तरी दहा मिनिटं संपली नव्हती.

काम तसं रास्त होतं. बायकोचा गोगलगायींवरचा प्रबंध संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठाला पाठवायचा होता. चार वर्षांची मेहनत, सहाशे फोटो, आणि ऐन वेळी डिस्कवर जागा संपली. जावईबापू कंपनीत दीडशे युनिक्स मशिनं सांभाळत. त्यांनी घरातल्या दोन्ही डिस्क जोडून एक मोठा लॉजिकल व्हॉल्यूम केला. दोन खोल्यांमधली भिंत पाडून दिवाणखाना करावा तसा. फाइल मावली, बायको खूश झाली. इथंच उठायला हवं होतं. पण माणसाला सुचतं ना!

एवढं केलंच आहे तर मशीनही थेट याच व्हॉल्यूमवरून सुरू करू, म्हणून त्यांनी सगळी सिस्टिम तिकडे हलवली, मशीन सुरू करणाऱ्या सुरुवातीच्या फाइलींचा डिस्कवरचा वेगळा कोपरा पुसून टाकला आणि ऐटीत मशीन बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय? माझ्या गोगलगायी कुठायत?"

"आहेत गं, सुखरूप आहेत. फक्त..." जावईबापूंनी पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. "मशीन सुरू व्हायला व्हॉल्यूम उघडावा लागतो. आणि तो उघडायची अक्कल व्हॉल्यूमच्या आतच ठेवलीय मी."

"म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतलंस?"

"थोडक्यात, हो."

बायकोनं फक्त घड्याळाकडे पाहिलं. जावईबापूंना ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर मशीन सुरू करणारा नवा पेनड्राइव्ह बनवला असता, पण त्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावायला कंपनीची सक्त मनाई होती, आणि तो नियम मागच्याच महिन्यात स्वतः जावईबापूंनी लागू केला होता.

"ड्रॉवरमध्ये लाल पेनड्राइव्ह होता. मशीन अडलं की त्याच्यावरून सुरू करता येतं. कुठे गेला?" त्यांनी सगळा ड्रॉवर जमिनीवर पालथा केला.

स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत आल्या. "त्याच्यावर तुम्हीच चिठ्ठी लावली होतीत ना, 'अडीअडचणीसाठी'? तो मी शेजारी शिवणवाल्या मावशींकडे ठेवलाय."

"शेजारी? का?"

"अहो, अडचणीची वस्तू घरात ठेवून काय उपयोग? अडचण घरातच येते की!"

सगळ्या गल्लीप्रमाणे सासूबाईही घराच्या जादा किल्ल्या मावशींकडे ठेवतात, यावर जावईबापू वर्षभर त्यांची थट्टा करत होते. "चोरानं एक मावशींचं घर फोडलं की त्याची सगळ्या गल्लीची सोय झाली," असं ते पाहुण्यांनाही सांगत. आज मात्र ते अनवाणीच शेजारी धावले. दाराला कुलूप! मावशी मापं घ्यायला गिऱ्हाइकाकडे गेल्या होत्या. फोनही उचलत नव्हत्या.

"संपलं सगळं," जावईबापू पायरीवरच बसले. दुपारचे दोन वाजले होते.

"उठा बघू," मागून सासूबाई आल्या. हातात किल्ली होती. "त्यांची जादा किल्ली आपल्याकडे असते."

त्या एकट्याच आत गेल्या आणि पेनड्राइव्ह घेऊन आल्या. जावईबापूंना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण आधी मशीन होतं. पेनड्राइव्हवरून मशीन जागं झालं, व्हॉल्यूम उघडला. पुसलेला कोपरा अजून रिकामाच होता. सुरुवातीच्या फाइली पुन्हा तिथं, व्हॉल्यूमच्या बाहेर मांडल्या. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा मशीन सुरू झालं. चार वाजून चाळीस मिनिटांनी सहाशे फोटोंसकट गोगलगायी विद्यापीठाकडे निघाल्या. बायको आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "यापुढे 'दहा मिनिटं' म्हणालास ना, तर बघ."

जावईबापू सासूबाईंसमोर उभे राहिले. "आई, आज तुम्ही वाचवलंत. खरंच. वर्षभर मी उगाच दात काढत होतो."

"असू दे हो," सासूबाई संकोचल्या. "तेवढा तो लाल पुन्हा मावशींकडे ठेवून या. त्या आल्यात आत्ताच."

मावशींनी शिवणयंत्राखालचा पत्र्याचा डबा पुढे केला. "ठेवा तुमच्या हातानं. तुमच्या घरचा वेगळा कप्पा आहे." आत प्रत्येक वस्तूला सासूबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती. 'पुढचं दार.' 'गच्ची.' 'लेकीची स्कूटर.' आणि तळाशी एका जाड पाकिटावर लिहिलं होतं, 'जावई'.

जावईबापूंना भरून आलं. आपल्यासाठीही काही जपून ठेवलंय! त्यांनी हळूच पाकीट उघडलं. आत एका संगणक दुरुस्तीवाल्याचं कार्ड होतं. मागे सासूबाईंनी लिहिलं होतं, 'यांना जमलं नाही तर.'

जावईबापूंनी ते दोनदा वाचलं. मग ते त्यांनी जपून पाकिटात घातलं, पाकीट जागच्या जागी ठेवलं आणि मावशींना म्हणाले, "हे असू द्या हं, मावशी. कधी लागेल सांगता येत नाही."