ढगे सर आणि पिठातलं पाऊल

आमच्या भूम गावात माणूस गेलं, की एक निरोप पाहुण्यांना जातो, एक माझ्या पिठाच्या गिरणीवर येतो आणि एक ढगे सरांच्या घरी. पाहुण्यांचं ठीक आहे. माझ्याकडून ताजं, बारीक पीठ न्यायचं असतं. पण जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेल्या, देवापुढं कधी हात न जोडलेल्या सरांचं मयताच्या घरी काय काम, असं तुम्ही म्हणाल. सांगते.

आमच्याकडची रीत अशी, की जिथं जीव गेला तिथं संध्याकाळी पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि पिठावर डालगं पालथं घालायचं. कोंबड्या झाकतात ना, तसलं. सकाळी डालगं उचलायचं आणि पिठात कशाचं पाऊल उमटलंय ते बघायचं. गेलेलं माणूस त्या जन्माला गेलं म्हणायचं. आता पाऊल मांजराचं का मुंगसाचं हे सांगणार कोण? पूर्वी जो तो मनाला येईल ते सांगायचा. बहुतेक मेलेली माणसं गाय नाहीतर मोरच व्हायची. सर रिटायर होऊन आमच्या शेजारी राहायला आले आणि हा सगळा सुखाचा कारभार बसला.

सर भिंग घेऊन जायचे. गुडघ्यांवर बसायचे, श्वास रोखून पिठावर वाकायचे. तेवढा वेळ घरातलं रडणंसुद्धा थांबायचं. मग पुटपुटणं सुरू. "कणा हाय. बरं. सस्तन. बरं. पुढच्या पायाला बोटं किती?" सृष्टी, संघ, वर्ग, गण, कूळ असं एकेक पायरी उतरत शेवटी जातीपर्यंत यायचे. "जात कळल्याबिगर उठायचं न्हाय, लताबाई," मला म्हणायचे. "अर्धी ओळख म्हंजे ओळख न्हाय."

एकदा एका मोठ्या घरचे आप्पा गेले. आप्पांचा दरारा असा, की ते रस्त्यानं निघाले की पोरं खेळ थांबवायची. सर पिठावरून उठले आणि म्हणाले, "चिचुंद्री."

थोरला लालेलाल झाला. "आमचे आप्पा चिचुंद्री?"

"आप्पांचं मला ठाऊक न्हाय. ठसा चिचुंद्रीचा हाय. पुढच्या पायाला पाच बोटं हायत. उंदीर असता तर चार असती."

"मग उंदीर तरी म्हणा की, सर!" धाकटा रडकुंडीला आला.

सर कशाचे ऐकतात! सुना पदरात तोंड लपवून गदागदा हलत होत्या आणि आलेल्या बायकांना वाटलं, केवढी ही माया.

बाजारातही हीच तऱ्हा. झिंगे विकणाऱ्याला "हा मासा न्हाय, खेकड्याच्या नात्यातला हाय" म्हणून गिऱ्हाइकांसमोर सुनावायचे. माझ्या गिरणीत दळणाची रांग खोळंबलेली असताना, वटवाघूळ पक्षी का नाही, हे त्यांनी मला दोनदा समजावलंय. मी काय, पट्टा चालू केला की मला काही ऐकू येत नाही.

त्यांच्या घरी जायला मात्र मला भ्या वाटायचं. ओसरीच्या फळीवर बरण्या होत्या. औषधी पाण्यात घोणस, इंगळी, सरडा, वटवाघळाचं पिल्लू. प्रत्येकीवर चिठ्ठी, नाव, गाव. त्याच फळीच्या टोकाला प्रमिलाकाकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, कैरीचं लोणचं. त्या घरचं लोणचं मी कधी तोंडी लावलं नाही. एकदा पीठ द्यायला गेले तर घोणस दाराकडं तोंड करून होती. आदल्या दिवशी भिंतीकडं होती, माझ्या पोराची शप्पथ. काकूंना म्हटलं, तर त्या हसल्या. "अगं, तिला बी कंटाळा येत असंल."

काकूंचं हसणं तसंच होतं. आजारपणात अंथरुणाला खिळल्या, तरी हसायच्या. एक दिवस माझ्यासमोरच सरांना म्हणाल्या, "लोकांच्या माणसांचं खरं सांगता. माझ्या पिठात उमटंल ते बी खरंच सांगायचं. मुंगी तर मुंगी. शब्द द्या."

सरांनी शब्द दिला. पुढं बराच वेळ ते भिंग पुसत बसले होते.

काकू गेल्या त्या दिवशी पीठ न्यायला सर स्वतः आले. "दोनदा दळा," एवढंच म्हणाले.

सकाळी मी गेले तेव्हा माजघरात भावकी दाटीनं उभी होती. दिवा विझलेला. डालग्यावर रात्री ठेवलेला दगड जागचा हलला नव्हता. सरांनी तो उतरवला, डालगं उचललं. पिठाची कड कोरी होती. चारी बाजूंनी कुठं काही आत आल्याची खूण नाही. आणि बरोबर मधोमध बारीक बारीक पावलं, गोल गोल फिरलेली. एखादी बाई घरात काही शोधत फिरते तशी.

सर वाकले. मला ओसरीवरच्या बरण्यांकडं बघायचा धीर होईना. सगळ्या आतच बघत असणार, असं वाटत होतं.

"काय हाय, सर?" काकूंच्या दिरानं शेवटी विचारलं.

"प्राणी," सर म्हणाले.

सगळे वाट बघत राहिले. कणा, बोटं, नखं, काहीच येईना.

"व्हय, पण कोणता?"

"प्राणी हाय. सजीव हाय." सरांनी भिंग खिशात टाकलं आणि तळहातानं पीठ एकदम सारखं करून टाकलं. कुणाला काही बघायचं म्हटलं तरी राहिलं नाही.

मला राग आला, खोटं कशाला सांगू! मरणाऱ्या बाईला शब्द दिला होता या माणसानं. आप्पांना चिचुंद्री करताना जीभ अडली नाही, आणि आपल्यावर आलं तर हे!

पंधरवड्यात सरांनी मळ्यात खड्डा खणून सगळ्या बरण्यांतले जीव पुरले. आता ते गिरणीत आले की मुंग्यांची ओळ जाईपर्यंत गिऱ्हाइकांना दारात थोपवतात. "थांबा, जाऊ द्या त्यांना." झाडावर घुमणाऱ्या होल्याला "जेवलात का?" विचारतात. लोक म्हणतात, म्हातारं चळलं.

परवा संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. पट्टा बंद होता. सर बाकड्यावर बसले होते. माझ्यानं राहवलं नाही.

"सर, त्या दिवशी तुम्हाला ओळखू आलंच न्हाय का?"

"बघताक्षणी ओळखलं. पार जातीपर्यंत."

"मग सांगितलं का न्हाय? काकूंना शब्द दिलता न्हवं?"

सर आपल्या हाताच्या पंजाकडं बघत होते.

"एक नाव घेतलं असतं, तर बाकी सगळ्यांतनं ती गेली असती, लताबाई," ते म्हणाले. "मला एकट्याला त्या घरात राहवत न्हाय."

राग कुठल्या कुठं गेला आणि माझेच डोळे भरून आले. तेवढ्यात आढ्यापाशी पाल चुकचुकली.

"आलो, आलो," सर लगबगीनं उठत म्हणाले, "जेवायलाच निघालो होतो." आणि चप्पल पायात सरकवून घराकडं गेले.