ओळंबा आणि सातवी सही

गेल्या रामनवमीला आमच्या मंदिरात आरतीचा घोष टिपेला पोचला होता. सर्व भाविकांचे दोन्ही डोळे मिटलेले होते. एका गृहस्थांचा मात्र एकच मिटलेला होता. उघड्या डोळ्याने ते सभामंडपाच्या नव्या संगमरवरी खांबासमोर धरलेल्या ओळंब्याकडे पाहत होते. दोरीला टांगलेले ते पितळी वजन हळूहळू स्थिर झाले, इकडे कापूर विझला, आणि ते गृहस्थ माझ्या कानाशी येऊन अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी, देव सरय शे. खांब नही."

हे आमचे शेजारी सुकलाल नाना. धुळ्याकडच्या एका खेड्यातून तरुणपणी जळगावला आले आणि पन्नास वर्षे गवंडीकाम केले. आता हात थरथरतो म्हणून थापी सुटली. ओळंबा मात्र सदऱ्याच्या खिशात कायम आहे. एखाद्याच्या खिशात जपमाळ असावी, तितक्याच निष्ठेने. "मानूस खोटं बोलस, कागद खोटं बोलस. ओयंबा खोटं बोलत नही," हे त्यांचे वचन आमच्या गल्लीत पोरासोरांना पाठ आहे.

बाजारपेठेच्या मागे आमची सात घरांची ओळ आहे. सातही घरे नानांच्याच हातची. तरीही दर शनिवारी ते प्रत्येक भिंतीची तपासणी करतात. माझी देवघराची भिंत अर्धा सूत बाहेर आहे, हे त्यांनीच मला सांगितले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "नाना, ती तुम्हीच बांधलीत," असे मी नम्रपणे सुचवले, तेव्हा ते म्हणाले, "म्हनीसनच सांगस. दुसरानी बांधेल ऱ्हाती तं पाडाले लावतु."

माणसेही ते सुतातच मोजतात. कोपऱ्यावरचा दूधवाला एक सूत बाहेर. नगरसेवक मोजण्यापलीकडे. माझ्याविषयीचे मत मी एकदा धीर करून विचारले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तुमनं बांधकाम चांगलं शे, गुरुजी. पन प्लास्टर जाडं शे." चाळीस वर्षे संस्कृत शिकवल्यामुळे माझ्या वाक्यांना जो काही विस्तार आला आहे, त्याचे इतके संक्षिप्त परीक्षण आजवर कोणीही केले नव्हते.

एका लग्नात मी अंतरपाटाजवळ उभा राहून मंगलाष्टके म्हणत असताना नानांना मांडवाचा डावा खांब कललेला दिसला. त्यांनी हात वर करून लग्न थांबवले. चौघांनी खांब उपटला, पुन्हा रोवला, नानांनी ओळंबा लावला आणि मगच माझ्याकडे पाहून मान हलवली. वधूपिता घामाघूम झाला होता. मुहूर्ताची अवघी दोन मिनिटे उरली होती. पुढे त्या दांपत्याचे उत्तम चालले आहे. त्याचे श्रेय मंत्रांना की खांबाला, याचा वाद नानांशी घालण्यात अर्थ नाही.

आमच्या ओळीला लागूनच तीन वर्षांपूर्वी चौदा मजली इमारत उभी राहिली. ती बांधली जात असताना नाना रोज सकाळी भर रस्त्यात उभे राहून हात लांब करीत आणि ओळंब्याच्या दोरीवरून इमारतीची कड पाहत. मागे रिक्षा खोळंबत. "ओ आबा, सरका ना!" असे कोणी ओरडले की नाना दोरीवरची नजर न काढता म्हणत, "चौदा मजला सरकाले लागी गयात, अन तुले मन्हीच घाई?" इमारत मात्र शेवटी सरळ निघाली. नानांनी तसे मान्यही केले. पण अशा दुःखी स्वराने, की ऐकणाऱ्याला वाटावे, एखादा आप्त वाममार्गाला लागला.

त्याच बिल्डरला पुढे आमची ओळ हवीशी झाली. सात घरे पाडायची, अठरा मजले चढवायचे आणि प्रत्येकाला वर एक फ्लॅट द्यायचा. अट एवढीच, की सातही सह्या हव्यात. एक जरी अडली तरी काम अडले. पाच घरांनी सह्या केल्या. सहावा मी. माझा पुण्यातला मुलगा दर फोनला आग्रह करी, आणि खरे सांगायचे तर माझ्या गुडघ्यांना लिफ्टचा मोह पडला होता. भूमिपूजनही माझ्याच हस्ते व्हावे, असे त्या बिल्डर शेठनी आदराने सुचवले. मी संमतीपत्रावर सही केली. फक्त ते अजून पोचते केले नव्हते. नानांचेही पत्र घेऊन दोन्ही एकदम आणावीत, अशी शेठची विनंती होती.

मी तीनदा गेलो. नाना प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात, एका ठरावीक भिंतीला पाठ लावून बसलेले असत आणि माझे सविस्तर विवेचन शांतपणे ऐकून घेत. शेवटी उत्तर एकच: "सही व्हवाव नही."

"पण नाना, कारण तरी सांगा."

"प्लास्टर जाडं व्हयनं, गुरुजी. च्या ल्या."

अखेर शेठनी वेगळा मार्ग काढला. वैशाखातल्या एका टळटळीत दुपारी त्यांचा भुसावळचा तरुण इंजिनिअर भिंती तपासायचे लेसर यंत्र घेऊन आला. घराची तपासणी करायची, ते धोकादायक असल्याचा अहवाल तयार करायचा; मग सही असो वा नसो, घर रिकामे करून घेता येईल असा हिशेब. साक्षीला म्हणून मला बोलावले होते. नकार द्यायला हवा होता, हे आज कळते. त्या दिवशी मी गेलो.

इंजिनिअरने प्रत्येक भिंतीवर यंत्राची तांबडी रेघ टाकली. भिंती अशा सरळ, की तो स्वतःशीच "वा!" म्हणाला. नाना मात्र स्वयंपाकघरातल्या आपल्या जागेवरून हलेनात.

"नाना, जरा उठता का? तेवढी एकच राहिलीय," इंजिनिअर म्हणाला.

"तिले ऱ्हाऊ दे."

"उठा हो नाना. ओळंबा खोटं बोलत नाही, असं तुम्हीच म्हणता ना? मग भीती कसली?"

गल्लीतल्या पोरांकडून ऐकलेले त्यांचेच वचन त्याने त्यांच्यावर उलटवले होते. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. तांबडी रेघ भिंतीवर पडली. खाली भिंत रेघेला चिकटलेली, आणि वर जाईपर्यंत चांगलीच आत झुकलेली. "दीड इंच," इंजिनिअर पुटपुटला. ज्यांनी अर्ध्या सुतासाठी माझी झोप घालवली, त्यांच्याच घरात बारा सूत!

मी नानांकडे पाहिले नाही. पाहवले नाही.

"लिख," नाना म्हणाले. आवाज अजिबात हलला नाही. "दीड इंच लिख, काही कमी करू नको. पन भितले हात लाव पहिले. बठ्ठी भीत दाबी देख. कोठे तडा शे का?"

इंजिनिअरने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अंगठा दाबत नेला. टिचकी मारून पाहिली. केसाएवढीही भेग नव्हती.

"आते तुमनी चौदा मजलानी बाजूले चाल. सरय शे, मी नही कोठे म्हनस? पन तीन वरीसमा जिनामा हात जाई इतला तडा पडनात. मनी भीत वाकडी शे, अन पस्तीस उन्हाया खाईसन उभी शे. हाई बी लिख. तुना शेठले वाची दाखाड."

त्या मुलाने कागद पुढे घेतला. मग त्याने लिहिले: भिंत दीड इंच कललेली, तडा नाही, घर राहण्यास योग्य. खाली सही केली, नानांना वाकून नमस्कार केला आणि यंत्र उचलून निघून गेला. शेठ त्याला काय म्हणाले असतील, याची कल्पना मला आहे.

आम्ही दोघेच उरलो. नाना पुन्हा त्या भिंतीशी बसले. मी म्हटले, "नाना, तुमच्या हातून अशी भिंत होणे शक्य नाही."

"मनी नहीच शे ती. कौसानी शे."

कौसाबाई म्हणजे नानांची पत्नी. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. उभा जन्म त्यांनी नानांच्या हाताखाली डोक्यावरून मालाची घमेली वाहिली. बांधकामावर बाईने घमेले उचलायचे, थापी धरायची नाही, ही रीत कोणी लिहिलेली नाही आणि कोणी मोडलेलीही नाही. "पन तिले भलती हाऊस व्हती," नाना सांगू लागले. "म्हने, एक भीत मनी. मी सांगं, आपलं घर बांधसुत तवय तुनी. आठ दिन लागनात तिले. बठ्ठी व्हयनी अन माले इचारस, सरय शे ना? डोयासले दिखी ऱ्हायंतं, गुरुजी. पन ओयंबा खिशामाईन काढाना धीर नही व्हयना. मी सांगं, एकदम सरय. मना जलममा तेवढंच खोटं."

त्यानंतर त्या भिंतीला त्यांनी कधीही ओळंबा लावला नव्हता, आणि दुसऱ्या कोणाला लावू दिला नव्हता. बाहेर चौदाव्या मजल्यावर कोणीतरी पाण्याची टाकी भरत होते. त्याचा आवाज येत होता. नानांनी खिशातला ओळंबा काढून तळहातावर घेतला आणि त्याच्याकडे पाहतच विचारले,

"गुरुजी, तुमी पोथ्या वाचेल मानूस. आज तिले कळनं व्हई का?"

सत्य बोलावे, हे मी चाळीस वर्षे मुलांकडून घोकून घेतले आहे. त्या क्षणी मला एकही वचन आठवले नाही. मी म्हणालो, "काय कळायचे, नाना? भिंत सरळच आहे."

नानांनी एक डोळा मिटला. खांबाकडे पाहावे तसे माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"तुमी बारा सूत बाहेर गयात, गुरुजी," ते म्हणाले, आणि थोडे सरकून भिंतीशी मला जागा करून दिली.

माझे संमतीपत्र अजून माझ्याच पोथीत आहे.