जगदाळेकाकांचा बोलणारा ओटा

जगदाळेकाका राहतात दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. घाबरतात मात्र साताऱ्याकडच्या आपल्या गावात. काकू गेल्या, मुलगा कॅनडात, गावचं घर कुलपात. म्हणून काकांनी तिथे कॅमेरे बसवले, एक ओट्यावर आणि एक मागच्या भिंतीला. तेही बोलणारे! हे इथे फोनमध्ये ओरडले की तिथे भिंत ओरडते, आणि तिथलं बोलणं इथे फोनमध्ये ऐकू येतं. शेजारची शेळी जास्वंद खायला आली की इथून "यल्ला! यल्ला!" त्या शेळीला आता अरबी कळतं म्हणे.

भीती हा त्यांचा स्वभावच. लिफ्ट जरा हलली, "आता काही खरं नाही." ऑफिसात नवा मॅनेजर आला, "आता काही खरं नाही." मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, मग खरं काय ते तरी सांगा!" तर म्हणाले, "तुझा गॅस बंद आहे का, ते बघून ये आधी." आणि मी मेली गेले की बघायला!

त्यात गावाहून बातमी आली. त्यांच्या घरामागच्या गायरानात दरवर्षी भटकी कुटुंबं पालं ठोकून राहतात. त्यांना तिथेच कायमची घरं द्यायचा प्रस्ताव आला होता. गावात दोन तट पडले. शाळेचे मास्तर म्हणाले, पोरं एका जागी राहिली तर शिकतील. बाकीचे म्हणाले, चोऱ्या वाढतील. सरपंचांनी सरळ हात झटकले. लगतचं घर जगदाळ्यांचं, त्यांची हरकत नसेल तरच पुढे बघू म्हणाले.

झालं! काकांची झोप उडाली. आमच्याकडे जेवायला आले तरी फोन वरणाच्या पातेल्याला टेकवलेला. "कुलूप फोडतील गं. हिची भांडी आहेत आत. मी हरकत घेणार म्हणजे घेणार." डोळे फोनवर, त्यामुळे ताटात भात कमी आणि बाहेर जास्त.

एका सुट्टीच्या दुपारी पालातली एक म्हातारी सावलीला त्यांच्या ओट्यावर येऊन टेकली. काका किंचाळले, "उठा! कॅमेरा आहे!"

तिने वर पाहिलं. "कोन हाय? द्येव का भूत?"

"मालक आहे मी! दुबईहून बोलतोय!"

"एवढ्या लांबनं वरडतुयास? घसा सुकला आसंल. पानी पी जा."

काका लालबुंद होऊन आमच्याकडे आले. "मला पाणी पी म्हणते! माझ्याच ओट्यावर बसून!"

"मग प्यालात का?"

"प्यालो," काका पुटपुटले.

ती रोज दुपारी येऊ लागली आणि काका रोज, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतही, तिला रागवू लागले. पण पुढे पुढे ते रागावणं जरा लांबतच चाललं. गुडघा दुखतो, इथली ज्वारी चांगली नाही, मुलगा फोन करत नाही, असंही त्यात येऊ लागलं. सुट्टीच्या दिवशी तर त्यांच्या बंद दाराआडून हसणं ऐकू यायचं. माझी लेक म्हणाली, "मम्मा, अंकल इज लाफिंग! इज ही ओके?"

ग्रामसभेच्या दिवशी काका फोन घेऊन आमच्याकडे आले. "तू धर. माझ्याच्यानं धरवत नाही." त्यांच्या चुलतभावाने तिकडे व्हिडिओ कॉल लावला होता. पडद्यावर गर्दी दिसत होती, अख्खं गाव फोनकडे बघत होतं.

"बोला जगदाळे," सरपंच म्हणाले. "हरकत आहे ना?"

काकांच्या कपाळावर घाम. एसी चालू असताना! मला वाटलं, आता हे पडतात. "आता काही खरं नाही," ते हळूच म्हणाले, आणि मग मोठ्याने, "हरकत नाही. राहू द्या त्यांना."

एकच गलका उठला. "दुबईत बसून बोलायला काय जातं!" चुलतभाऊ ओरडला, "चला रे, आजच उठवू पालं!" आणि कॉल कटला.

काकांनी घाईघाईने कॅमेरा लावला. मागच्या बाजूला पालांपुढे बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, आणि रस्त्याने माणसांचा लोंढा येत होता. हजार मैलांवर बसलेल्या या भित्र्या माणसाकडे होतं काय, तर एक भोंगा.

"आजी!" काका ओरडले. "ओट्यावर या! पोरं घेऊन या, सगळे या! ते माझं घर आहे, तिथून कोणी उठवणार नाही तुम्हाला! आजी!"

पालांकडे धूळ उडाली, कोणी दिसेना. काका हाका मारत राहिले. त्यांचा आवाज फाटला.

मग ओट्यावरच्या कॅमेऱ्यात एक पांढरं डोकं आलं, मागे पोरं, बोचकी, बायका. "आले रं बाबा, आले," म्हातारी धापा टाकत म्हणाली. लोक अंगणाबाहेरच थांबले, पण गेले नाहीत.

काका फोनवरची नजर काढेनात. "ही गेल्यापासून त्या घराला हाका मारतोय गं," ते मला म्हणाले. "पहिल्यांदा कुणीतरी ओ दिली."