सदाशिव सरांचा ब्लँक

आमच्या सदाशिव सरांच्या घरी जायचं तर चपला बाहेर काढून भागत नाही, डोक्याचा वासही द्यावा लागतो. सर दार अर्धंच उघडतात, नाक पुढं करतात आणि निकाल देतात, "तेल. ओट्यावर बसा." पावडर, अत्तर, उदबत्ती, बिडी, सगळ्यांची रवानगी ओट्यावर. मी त्यांचा शेजारी. राजुरीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि केसांना रोज घरचं माक्याचं तेल लागतं. त्यामुळं सर निवृत्त होऊन गावी आले तेव्हापासून मी त्यांचा फक्त ओटाच पाहिला होता.

सरांची सगळी नोकरी गोव्याकडं, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत झाली. बोटीवर जायचं, खोल समुद्राचं पाणी आणि तळाचा चिखल वर काढायचा आणि त्यात मेलेल्या जीवांचा, कुजलेल्या झाडपाल्याचा अंश किती आणि कसला, ते शोधायचं. सर त्याला सेंद्रिय म्हणतात. पगार चिखल तपासायचा होता, हे कळल्यावर पारावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

"सर, आमच्या धरणात लई चिखल हाय," एकानं विचारलं, "तो काय पाप करून बसलाय व्हय?"

सर चिडले नाहीत. म्हणाले, "आणा की बरणीभर." तेव्हापासून मागच्या खोलीत त्यांची धरणाच्या गाळाची तपासणी सुरू आहे. बाटल्या ते विजेच्या भट्टीत तापवतात, काचेला चिकटलेलं सेंद्रिय जळून जावं म्हणून. भट्टी लागली की गल्लीतले पंखे पेंगायला लागतात आणि बायका मिक्सर बंद करून सरांच्या नावानं बोटं मोडतात.

"हंडाभर समुद्राच्या पाण्यात सेंद्रिय चिमूटभरसुद्धा नसतं," सर सांगतात. "त्यात तुमच्या डोक्याचं तेल गेलं, की तुम्ही समुद्र नाही, स्वतःचं डोकं मोजता."

म्हणून त्यांचा देव एकच, ब्लँक. ब्लँक म्हणजे जिच्यात नमुनाच नाही अशी बाटली. बाकी सोपस्कार सगळे तेच. तिच्यात जे सापडेल ती आपल्या हातची घाण. ती वजा करायची, उरेल ते खरं. एवढ्यावर थांबले असते तर गावानं त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण सरांनी ब्लँक गावालाच लावला. कुणी म्हणालं, अंगाऱ्यानं ताप उतरला, की सर विचारणार, "अंगारा न लावलेल्यांचा उतरला नाही का?" भर ग्रामसभेत सरपंच म्हणाले, माझ्यामुळं रस्ता झाला. सर उठून उभे. "शेजारच्या पिंपरी पेंढारला तुम्ही नव्हता. तिथंही झाला. ब्लँक वजा केला तर तुमच्या वाट्याला काय उरतं?" सरपंचांनी त्या दिवसापासून सरांना रामराम घालणं सोडलं.

मागच्या हंगामात टाय लावलेला एक विक्रेता 'समुद्री शेवाळाचा सेंद्रिय अर्क' घेऊन आला. काळंभोर पाणी. टोमॅटो दुप्पट येणार म्हणे. सरांनी विचारलं, "शेजारच्या वाफ्याला नुसतं पाणी दिलं होतं का?"

"पाण्यानं काय व्हतंय राव?"

सरांनी बूच काढून वास घेतला. "समुद्र मला माहीत आहे. यात गूळ आहे."

लोकांनी सरांना मानलं आणि अर्कही घेतला. बाटलीमागं टोपी फुकट होती.

या माणसापुढं कुणाचं चाललं असेल तर त्यांच्या बायकोचं, मालतीकाकूंचं. गोव्यात सर बोटीवर गेले, की मगच काकू डोक्याला तेल लावायच्या. गावी आल्यावर त्यांनी बजावलं, "आता समुद्र न्हाई का बोट न्हाई. मी तेल लावणार." सरांनी मुकाट्यानं मागच्या खोलीच्या दाराला रबराची पट्टी मारली. ते माक्याचं तेल काकू स्वतः उकळायच्या. आमच्या सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनीच ते शिकवलं. गेल्या वर्षी काकू गेल्या आणि सरांचं दार पहिल्यापेक्षाही कमी उघडायला लागलं.

परवा त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "उद्या सकाळी या. तेल नको, साबण नको. नुसत्या पाण्यानं आंघोळ करा. मला तुमचं नाक पाहिजे."

सांगितलं तसा गेलो. त्यांनी मला चक्क मागच्या खोलीत नेलं. टेबलावर काचेच्या दोन बरण्या होत्या, बुचं घट्ट बसवलेली. दोन्हींत उशीचे पांढरे अभ्रे.

"एक तिचा," सर म्हणाले. "दुसरा धुतलेला, ब्लँक. कुठला कुठं ते सांगणार नाही. उघडलं की वास उडतो, म्हणून वर्षभर उघडली नव्हती. परवा राहवलं नाही. आता कळत नाही, आत खरंच काही उरलंय की मला भास होतोय. माझं नाक तिच्या बाबतीत कोरं नाही. तुम्ही सांगा."

पहिली बरणी उघडली. तेलाचा वास आला. दुसरी उघडली. तोच.

"सर, दोनींत येतोय."

"ब्लँकमध्येसुद्धा?" सर झटकन पुढं आले. त्यांनी एक बरणी हुंगली, दुसरी हुंगली, मग माझ्या डोक्याजवळ वाकले आणि तसेच थांबले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साबणच लावायचा नव्हता, तर आदल्या दिवशीचं तेल जाणार कुठं?

"नमुना बाद," सर हळूच म्हणाले. बुचं बसवली. मग विचारलं, "सुनंदा काय काय घालते त्यात?"

"काकूंनी शिकवलं तेच. माका, जास्वंद आन थोडी मेथी."

मला फार वाईट वाटलं. एवढं एक काम सांगितलं होतं, तेही मी नासवलं होतं. दाराकडं वळत म्हणालो, "चुकलं सर. भाईर ओट्यावर बसतो."

"नको," सर म्हणाले. "इथंच बसा."

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, पंखा बंद केला आणि डोळे मिटून माझ्या शेजारी बसले.